वस्तऱ्याने घरच्या घरी दाढी: धार, चामोटी आणि पावसाळ्यातली निगा

वस्तरा म्हटला की माणसाचा हात आधी गळ्याकडे जातो. भीती साहजिक आहे. पण नव्याने सुरुवात करणाऱ्यांची दाढी हात थरथरल्यामुळे फार कमी वेळा बिघडते. बहुतेकदा पात्याला पुरेशी धारच नसते. मग केस कापले न जाता ओढले जातात, माणूस नकळत जोर लावतो, पातं उभं होतं आणि कातडी सोलते. धार नीट असलेला वस्तरा स्वतःच्या वजनावर चालतो, हाताने त्याला फक्त वाट दाखवायची असते. म्हणून वस्तऱ्याने दाढी शिकायची म्हणजे निम्म्याहून अधिक धार सांभाळायलाच शिकायचं.

आपल्या बेळगाव सीमाभागात हे जरा जास्तच लक्ष देऊन करावं लागतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांनाही बुरशी धरते, तिथे कार्बन स्टीलचं पातं उघडं ठेवून चालत नाही. अथणी, रायबाग, चिकोडीकडे बऱ्याच घरांत बोअरचं जड पाणी येतं, त्यात साबण नीट फेसाळत नाही. दोन्हींवर साधे उपाय आहेत, ते पुढे ओघात येतील. एका बाबतीत मात्र आपण नशीबवान आहोत. वस्तऱ्याला लागणारं चामडं जगभरातले शौकीन शोधत फिरतात, ते आपल्याकडे अथणी-निपाणीत बनवलं आणि वापरलं जातं.

कोणता वस्तरा घ्यायचा

सलूनमध्ये आज जो वस्तरा दिसतो तो बदलत्या पात्याचा. दाढीचं ब्लेड मधोमध मोडून अर्धं पट्टीत सरकवायचं आणि गिऱ्हाईक उठलं की फेकून द्यायचं. रक्तावाटे पसरणारे हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही पाहता सलूनसाठी हीच पद्धत योग्य आहे आणि तिथे तुम्ही तिचाच आग्रह धरावा. घरी, एकट्याच्या वापरासाठी, गोष्ट वेगळी. अर्धं ब्लेड पातळ आणि हलकं असतं, कोन जरासा चुकला तरी चावतं. पोलादी वस्तरा जड असतो, त्याची पाठ जाड असते आणि हातात तो स्थिर बसतो. स्वस्तात हौस भागवून पाहायची असेल तर बदलत्या पात्याचा घ्या, हरकत नाही. पण त्यावर दाढी जमली नाही म्हणून खरा वस्तराही जमणार नाही असं समजू नका. माझं मत स्पष्ट आहे: शिकायचंच असेल तर पोलादी वस्तऱ्यावरच शिकावं.

पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागांत मोजतात. पहिल्यासाठी ५/८ किंवा ६/८ घ्या. याहून अरुंद पात्यावर फेस लगेच साचतो, याहून रुंद पातं नाकाखाली वळत नाही. टोक गोल हवं. चौकोनी टोक कल्ले आखायला छान, पण नवख्याच्या कानाची पाळी त्यालाच सापडते. पात्याच्या बाजू किती खोलगट घासल्या आहेत त्यावरून फुल हॉलो, हाफ हॉलो असे प्रकार पडतात. फुल हॉलो पातळ, लवचिक असतं आणि केस कापताना बारीक आवाज करतं. त्या आवाजावरून कोन बरोबर आहे की नाही हे कळतं, त्यामुळे शिकायला ते चांगलं. दाढी राठ असेल तर हाफ हॉलो बरं.

पोलाद कार्बनचं की स्टेनलेस, हा वाद जुना आहे. कार्बन स्टील दगडावर लवकर धार घेतं, पण गंजतं. स्टेनलेसला दगडावर वेळ जास्त लागतो. बेळगाव शहरात किंवा पूर्वेच्या कोरड्या तालुक्यांत राहणाऱ्यांनी खुशाल कार्बन घ्यावं. घाटाच्या अंगाला राहत असाल आणि रोज पातं पुसण्याची शिस्त आपल्याकडून होणार नाही असं वाटत असेल, तर स्टेनलेसच घ्या.

जर्मनीतलं झोलिंगन, इंग्लंडमधलं शेफील्ड आणि फ्रान्समधलं तिएर ही वस्तऱ्याची जुनी गावं. पात्याच्या मानेवर, म्हणजे पातं आणि खिळा यांच्या मधल्या भागावर, 'झोलिंगन' असा ठसा मारायला १९३८ पासून जर्मन कायद्याने बंधन आहे, तिथे तयार झालेल्या मालावरच तो मारता येतो. बाजारात नक्कल खूप आहे, त्यामुळे नुसत्या ठशावर न जाता पातं बघावं.

आजोबांच्या ट्रंकेत वस्तरा सापडला असेल तर आनंदच आहे. मराठा लाईट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात असल्यामुळे आपल्याकडे गावोगाव पलटणीतून निवृत्त झालेली माणसं आहेत आणि त्यांच्या सामानात असा एखादा वस्तरा निघतो. पातं उजेडासमोर आडवं धरा. धारेच्या रेषेवर तडा दिसला, अगदी केसाएवढा असला, तरी तो वस्तरा फक्त आठवण म्हणून ठेवायचा. धारेला लागून काळे खड्डे असतील तर तेही तसंच, कारण दगडावर घासलं की तिथूनच कडा तुटते. पाठीवरचे डाग, सैल झालेला खिळा, तडकलेली मूठ हे दुरुस्त होतं. जुना वस्तरा सर्जिकल स्पिरिटने नीट पुसून मगच वापरात आणा. तो पाण्यात उकळू नका. पोलाद गंजतं आणि मूठ वाकते.

नवा वस्तरा घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न ठामपणे विचारा: दगडावर धार लावून, दाढीला तयार करून देताय का? कारखान्यातून आलेल्या बऱ्याच वस्तऱ्यांची धार दिसायला तीक्ष्ण असते, पण गालाला चालत नाही. ही एक गोष्ट नीट झाली की पुढची बरीचशी वाट सोपी होते.

चामोटी

केस पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, तरीही तो धार मोडतो. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात याचं कारण दाखवलं. केस पात्यावर तिरका वाकला आणि पोलादाची घडण त्या जागी एकसारखी नसली, की कडेचा सूक्ष्म तुकडा निघतो. त्यांचा अभ्यास फेकून द्यायच्या रेझरवर होता, पण त्यातून वस्तऱ्यालाही दोन गोष्टी लागू होतात. केस भिजवून मऊ करावेत आणि पात्याचा कोन ढळू देऊ नये. एवढं करूनही प्रत्येक दाढीनंतर धारेची कडा थोडी इकडे-तिकडे कलतेच. ती सरळ करायचं काम चामोटीचं, म्हणजे वस्तरा ज्यावर फिरवतात त्या चामड्याच्या पट्ट्याचं. चामोटी पोलाद जवळजवळ काढत नाही, कडा फक्त रांगेत आणते. म्हणून ती प्रत्येक दाढीआधी हवी, आणि दगड काही महिन्यांनी.

तयार चामोटी ऑनलाईन मिळते, पण पहिली चामोटी चिरली जाणारच. ती महागाची कशाला? कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं असतं, रसायनांनी नव्हे. चामोटीला असंच वनस्पतीजन्य कमाईचं चामडं लागतं. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे कर्नाटकातले चार जिल्हेही आहेत. अथणी किंवा निपाणीच्या कारागिरांकडे गेलात तर नेमकं काय हवंय ते सांगा, नाहीतर तळाचं जाड चामडं हातात पडेल. अथणीत एका कारागिराशी झालेलं बोलणं साधारण असं होतं:

"मामा, दीड हात लांबीचा पट्टा पाहिजे, पण तेल न लावलेला."

"तेल नको? मग चप्पल न्हाय करायची तुमास्नी."

"न्हाय ओ, वस्तरा फिरवायला पाहिजे."

"आसं सांगा की. मग पाठीकडचं घ्या. पोटाकडचं ताणतंय, वस्तरा नाचंल त्याच्यावर."

पाठीकडचं चामडं घट्ट असतं, पोटाकडचं सैल. पाऊण हातभर तरी सलग वापरता येईल असा, ६ ते ७ सेंटीमीटर रुंद आणि २ ते ३ मिलिमीटर जाड पट्टा हवा. जाडी सगळीकडे सारखी पाहिजे. पट्टा दोन बोटांत धरून टोकापासून टोकापर्यंत सरकवा, जाडीतला फरक बोटांना लगेच कळतो. वरच्या गुळगुळीत बाजूवर चिरा, शिवणीची भोकं, डागण्याच्या खुणा नकोत. घरी आणल्यावर काचेची बाटली दाबून त्यावर फिरवा, मग रोज थोडा वेळ तळहाताने चोळा. हाताच्या उबेने आणि घामाच्या अंशाने पृष्ठभाग मुरतो.

चामड्याच्या जोडीला जाड सुती कापडाचा तसाच पट्टा लागतो. जुनी जीन्स किंवा कॅनव्हास, खळ जाईपर्यंत धुतलेला, चालतो. आधी कापडावर, मग चामड्यावर. लटकती चामोटी खिडकीच्या गजाला अडकवून वापरतात, पण नवख्याने चामडं एका सपाट फळीवर चिकटवून घ्यावं. पट्टा सैल पडण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता हात. पातं चामोटीवर आडवं टाका, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या. पाठ पुढे आणि धार मागे ठेवून पातं पुढे सरकवा. टोकाला पोहोचलात की वस्तरा पाठीवर उलटवा, म्हणजे पाठ चामड्यालाच टेकलेली राहील आणि धार वरून फिरून दुसऱ्या बाजूला पडेल. मग तसंच परत. धार पुढे गेली किंवा धारेवरून उलटवलं तर चामोटी कापली जाते आणि धारही दुमडते. वळवताना मनगट फिरवायचं नाही, मानेची काडी अंगठा आणि तर्जनीत गोल फिरवायची. खानापूरच्या एका जुन्या सलूनमध्ये मामा नव्या पोराला एवढंच पुन्हा पुन्हा सांगत होते: "पाठ आदी जाऊ दे रे. धार मागनं येऊ दे." याहून नेमकं मी काही सांगू शकत नाही.

दाब नावालाही नको. कापडावर जाऊन-येऊन २० ते ३०, चामड्यावर ५० ते ६० फेऱ्या पुरतात. सुरुवातीला वेग अजिबात नको. वेग आपोआप येतो, आणि घाईने आणलेला वेग धारेची कडा गोल करून टाकतो. काही दिवस लोण्याच्या बोथट सुरीवर हाच सराव केलात तर चामोटी वाचते. जुने कसबी लोक तळहातावरही वस्तरा फिरवतात. ते त्यांनाच शोभतं, आपण त्याच्या वाटेला जाऊ नये.

पाणी आणि फेस

दाढी आंघोळीनंतर करा, किंवा गरम पाण्यात भिजवून पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं तोंडावर धरा. भिजलेला केस फुगतो आणि कापायला बराच सोपा होतो.

फेसासाठी ब्रश घ्याच, बोटांनी चोळलेलं क्रीम वस्तऱ्याला पुरत नाही. कृत्रिम केसांचा ब्रश स्वस्त असतो, लवकर वाळतो आणि पावसाळ्यात त्याला वास येत नाही. शेव्हिंग क्रीम किंवा दाढीचा साबण कोणताही चालेल, फोमचा डबा मात्र नको. त्यातला फेस हवेने भरलेला असतो, त्याने पातं घसरत नाही. वस्तऱ्याचा फेस नेहमीपेक्षा पातळ हवा. ब्रश उचलल्यावर ताठ शिखर उभं राहिलं तर अजून थोडं पाणी घाला. शिखर हळूच एका बाजूला कलंडलं आणि फेसाला दह्यावरच्या सायीसारखी चकाकी आली की झालं.

जड पाण्याच्या गावांत हाच टप्पा अडतो. पाण्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार साबणाला पकडतात आणि फेसाऐवजी चिकट पांढरा थर होतो. उपाय असा की फेस करायला अर्धा पेला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरायचं, तोंड धुवायला नेहमीचं पाणी चालतं. साबणापेक्षा क्रीम जड पाण्यात थोडं बरं वागतं. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकलचं पाणी येतं, तिथे साध्या नळाच्या पाण्यावर काम भागतं.

पहिली दाढी

दार लावून घ्या, फोन बाहेर ठेवा, घरात लहान मुलं असतील तर ती आत येणार नाहीत असं बघा. हात कोरडे पाहिजेत, ओल्या बोटांतून वस्तरा निसटतो. निसटलाच तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या.

त्याआधी एक दिवस दाढीचे केस कुठल्या दिशेला वाढतात ते पाहून ठेवा. दोन दिवसांच्या खुंटांवरून बोट फिरवा. ज्या बाजूला बोट मऊ जातं ती केसांची दिशा. गालावर ती सहसा वरून खाली असते, गळ्यावर मात्र बऱ्याच जणांची वेडीवाकडी असते, काहींची तर एका बाजूने वर आणि दुसऱ्या बाजूने आडवी.

धरायची पद्धत अशी. मूठ पात्यापासून उघडून बाहेरच्या बाजूला वळवा. तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका मानेवर वरून, अंगठा खालून, करंगळी खिळ्यामागे निघणाऱ्या शेपटीच्या वळणावर. घट्ट पकडायचं नाही, हातात पेन धरतो तेवढंच.

पहिले दोन-तीन आठवडे फक्त दोन्ही गाल. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने पूर्ण करा. हा संयम फार कमी लोक दाखवतात आणि म्हणूनच फार लोक वस्तरा सोडून देतात. उजव्या गालाला उजवा हात, डाव्या गालाला डावा हात वापरायला पहिल्या दिवसापासूनच शिका. डावा हात आठवडाभर अडखळतो, मग बरोबर येतो. चेहऱ्यावरून हात पलीकडे नेऊन दाढी करणं मात्र कायम अवघडच राहतं.

मोकळ्या हाताने कानाजवळची कातडी वर ताणा. ताण हा निम्मा कौशल्याचा भाग आहे, सैल कातडीवर पातं रुततं. बोटं घसरत असतील तर ती तुरटीच्या खड्यावर घासा, पकड येते. नंतर ती बोटं पात्याला लावू नका, तुरटी पोलाद खाते.

पातं गालावर आडवं टेकवा आणि पाठ थोडी उचला. पाठीच्या जाडीच्या दुप्पट अंतर राहिलं की कोन साधारण ३० अंशांचा होतो. दोन-तीन सेंटीमीटरचे छोटे पट्टे, केसांच्या दिशेने, वजन फक्त वस्तऱ्याचं. आवाज ऐका. फुल हॉलोचा बारीक करकर आवाज आला तर कोन बरोबर आहे. आवाज नाही आणि केसही जात नाहीत, म्हणजे पातं फार पडलेलं आहे. टोचतंय, म्हणजे फार उभं आहे. केस ओढले जात असतील आणि कोन बरोबर असेल, तर तिथेच थांबा. धार गेली आहे. जोर लावून ती येत नाही.

पातं कधीही धारेच्या रेषेत आडवं सरकवू नका. सुरी भाजी तशीच कापते आणि वस्तराही कातडी तशीच कापतो. पुढे गेलं तर फक्त धारेला काटकोनात, किंवा अगदी थोड्या तिरप्याने.

गाल जमले की जबड्याखालचा भाग घ्या. डोकं मागे, कातडी खाली ताणलेली. मग गळा. कंठमण्यावर सरळ जाऊ नका, कातडी एका बोटाने बाजूला ओढून घ्या, म्हणजे सपाट जागा मिळते. हनुवटी आणि ओठावरची मिशी शेवटी. हनुवटीचे केस सगळ्यात राठ आणि जागा सगळ्यात वळणाची, तिथे एक-एक सेंटीमीटरच पुढे जायचं. ओठावरची कातडी ताणायला वरचा ओठ दातांवर खाली ओढून घ्या.

एक फेरी झाली की पुन्हा फेस लावून दुसरी फेरी केसांना आडवी मारता येते, पण ती दुसऱ्या महिन्यापासून. केसांच्या उलट दिशेने तिसरी फेरी खूप गुळगुळीत होते हे खरं. पण ज्यांचे केस कुरळे आहेत आणि गळ्यावर फोड येतात, त्यांनी ती कधीच करू नये. उलट कापलेला केस कातडीखाली राहतो आणि आतल्या आत वळतो.

शेवटी थंड पाणी आणि ओल्या तुरटीचा खडा. कुठे चुरचुरलं यावरून आज कुठे जोर पडला हे कळतं, त्या जागा लक्षात ठेवा. बारीक काप असेल तर स्वच्छ कपडा दोन मिनिटं दाबून धरा, मग तुरटी. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, मधुमेह असेल, किंवा जखमेचे वण जाड वाढत असतील, तर डॉक्टरांना विचारून मगच वस्तरा हातात घ्या. चेहऱ्यावर पिकलेले फोड असताना तर नकोच. आणि आपला वस्तरा दुसऱ्या कुणालाही द्यायचा नाही, सख्ख्या भावालाही नाही.

दाढी झाल्यावर, आणि पावसाळ्यात

नळाखाली धुताना पातं नळाला किंवा बेसिनला लागणार नाही हे बघा. सिरॅमिकचा एक टोला बसला तरी धारेला दात पडतो आणि दगडावर तासभर जातो. मग टिश्यूने किंवा मऊ कापडाने पुसा, नेहमी पाठीकडून धारेकडे, धारेवर कधीच आडवं नाही. पाणी मुठीच्या आत, खिळ्याजवळ साचतं. टिश्यूची घडी मुठीच्या फटीतून ओढून घ्या. चामोटीच्या कापडी बाजूवर पाच-सहा हलक्या फेऱ्या मारल्या की उरलेला ओलावाही जातो. मग वस्तरा उघडा ठेवून तासभर हवेवर वाळू द्या, लगेच मिटू नका.

न्हाणीघरात वस्तरा ठेवणं हे गंजाचं पहिलं कारण. खोलीतल्या कोरड्या कपाटात ठेवा. जून ते सप्टेंबर रोज वापरत असलात तरी दाढीनंतर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब कापसावर घेऊन पात्याला पुसा. दाढीआधी ते टिश्यूने काढा, नाहीतर चामड्यात जातं. खोबरेल किंवा शेंगतेल नको. खाद्यतेलं कालांतराने चिकट होतात आणि धारेवर राळ बसते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, औषधांच्या डब्यांतून निघतात त्या चालतात. जांबोटी-कणकुंबीकडे चामोटीवरही बुरशी येते. ती कोरड्या कापडाने पुसून सावलीत, वाऱ्यावर टांगा. उन्हात चामडं कडक होतं.

चामड्याच्या म्यानात वस्तरा ठेवायचा मोह होतो. प्रवासात ठीक, एरवी नको. चामडं ओलावा धरून ठेवतं.

पाठीवर तांबूस डाग दिसले तर ब्रासोसारख्या धातूच्या पॉलिशने बोटाएवढ्या कापडावर हळू घासा, धारेच्या अलीकडे थांबा. खोल गेलेल्या काळ्या डागांना २००० नंबरचा वॉटर पेपर लागतो.

दगड

चामोटीने धार परत येत नाही असं वाटलं की दगड. दाढीचा राठपणा, पाणी आणि हात यावर अवलंबून दोन महिने ते सहा महिने, कधी जास्तही. खूण अशी की चामोटी नेहमीसारखी करूनही गालावर पहिल्याच पट्ट्याला ओढ जाणवते.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. सायकलवर चाक फिरवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे गल्लीत येतात, त्यांच्याकडे वस्तरा देऊ नका. त्यांचं काम विळी आणि कात्रीसाठी चांगलं आहे. कोरड्या चाकावर वस्तऱ्याची पातळ कडा क्षणात तापते, पोलादाचं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरतं आणि निळसर झाक आली की ती कडा पुन्हा कधी धार धरत नाही. शिवाय वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीनेच ठरलेला असतो, साधारण १६ ते १८ अंश. चाकावर तो मोडतो.

तीन दगड लागतात. नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक. १००० नंबरचा फक्त बिघडलेला किंवा नवा वस्तरा आकाराला आणायला, ४००० ते ५००० चा मधला, ८००० चा गुळगुळीत करायला. चौथा १२००० चा असला तर उत्तम. नुसती नेहमीची निगा करायची असेल तर ८००० आणि १२००० एवढे दोनच पुरतात, आणि मी नवख्याला तेच सुचवीन. १००० वर पहिल्या वर्षी जाऊ नका.

दगड सपाट हवा, हे सगळ्यात महत्त्वाचं. जाड काचेवर ४०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून चिकटवा, दगडावर पेन्सिलीने चौकटी आखा आणि सगळ्या रेषा जाईपर्यंत घासा. काच सपाट आहे की नाही शंका असेल तर बेळगावच्या उद्यमबागेतल्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये सरफेस प्लेट (अगदी सपाट केलेली पाटी) असते, तिच्यावर तपासून मिळते.

मग दगड ओला करा. पातं आडवं, पाठ आणि धार दोन्ही टेकलेल्या. इथे चामोटीच्या उलट: धार पुढे. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असल्यामुळे टाचेपासून, म्हणजे मानेकडच्या टोकापासून, सुरू करून तिरकं ओढत टोकापाशी संपवायचं. मग पाठीवरून उलटवून परत. पात्याच्या वजनाइतकाच भार. ८००० वर जाऊन-येऊन २० ते ३० फेऱ्या पुरेशा.

आपण धारेपर्यंत पोहोचतोय का हे डोळ्यांनी पाहता येतं. धारेच्या दोन्ही बाजूंच्या बारीक उतारावर काळ्या परमनंट मार्करची रेघ ओढा आणि चार फेऱ्या मारा. बेळगावच्या शहापुरातल्या सराफांकडे असतं तसं १० पटीचं भिंग घेऊन उजेडात बघा. काळी रेघ धारेपर्यंत साफ गेली तर बरोबर. धारेला लागून काळा दोरा उरला असेल तर तुम्ही फक्त उताराचा वरचा भाग घासताय. एका टोकाला काळं राहिलं असेल तर तिथे दाब कमी पडतोय. एवढं पाहिल्याशिवाय फेऱ्या वाढवण्यात अर्थ नाही.

दगडावरून आल्यावर पातं धुऊन कोरडं करा, कापडावर ३० आणि चामड्यावर ६० फेऱ्या मारा. मग हाताच्या मनगटाजवळचे केस कातडीला न टेकता, अर्धा सेंटीमीटर वरून तोडून बघा. आवाज न करता तुटून पडले तर दाढीला बसा. केस वाकून पुढे निसटत असतील तर पुन्हा ८००० वर १५ फेऱ्या आणि मार्कर. त्यानेही झालं नाही तर धारेचा उतारच बिघडलेला असतो. तेव्हा तो वस्तरा १००० च्या दगडाचा सराव असलेल्या माणसाकडे एकदा द्यावा, आणि तो परत आला की पुढची निगा पुन्हा ८००० वर आपल्या हाताने चालू ठेवावी.